वेल निर्दोष, मडके अपराधी

फोंड्याचे माझे एक स्नेही, निवृत्त प्राध्यापक, गेल्या वर्षी कन्येकडे अमेरिकेत ऑरेगन राज्यात चार महिने राहून परतले आणि परतताच माझ्याकडे आले. कज्जा नव्हता, एक शंका होती. कन्येच्या घराच्या दक्षिणेकडील भिंतीवर हॉप्सची वेल आहे. भाद्रपदाच्या सुमारास तिला आलेली फुले जावयांनी खुडली, पोटमाळ्यावर वाळवली, जवाच्या काढ्यात उकळली आणि त्याची बिअर आंबवली. पुढे शेजाऱ्यांना बोलावून सर्वांनी ती प्यायली. त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. शेजाऱ्यांत एक पोलीस अधिकारीही होता. प्राध्यापकमहाशयांचा प्रश्न एवढाच, की हेच आपण फोंड्याच्या आपल्या परसात केले तर काय होईल?

मी म्हणालो, “वेल लावलीत तर काही होणार नाही. फुले वाळवलीत तर काही होणार नाही. जव आणून भिजवलेत, त्यांना मोड आणून ते भाजलेत, तरी कोणी विचारणार नाही. यीस्ट तर बेकरीवाल्याकडे उघड मिळते. मात्र या निरपराध वस्तू एका मडक्यात एकत्र आल्या आणि आठ दिवस झाकून ठेवल्या गेल्या, की आपण परवान्याविना मद्य निर्माण करणारे आरोपी झालात.”

“पण मला ती विकायची नाही.”

“न विकलीत तरी.”

“आणि समोरच्या दुकानातून बाटली आणून प्यायलो तर?”

“तर आपण राज्याच्या तिजोरीचे आश्रयदाते.”

प्राध्यापक हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला कायद्यातील विसंगती नव्या नसतात; पण ही नुसती विसंगती नव्हे, हा ढोंगीपणा आहे. जे कृत्य घरात, स्वतःपुरते, विक्रीवाचून केले असता अपराध ठरते, तेच कृत्य कारखान्यात, लाखो लोकांसाठी, नफ्याकरिता केले असता ‘उद्योग’ म्हणून सन्मानिले जाते, त्या कायद्याला नीतीचे नाव देण्याचा अधिकार नाही. येथे एक खुलासा करून टाकतो, म्हणजे काही सज्जनांचा पत्रव्यवहाराचा त्रास वाचेल. मी मद्यपानाचा पुरस्कर्ता नाही. माझा वाद मडक्याविषयी आहे, पेल्याविषयी नाही.

हॉप्स म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडे बिअर पिणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते. ही भांगेच्या कुळातील वेल. परंतु भांगेची नशा तिच्या अंगी नाही. तिच्यात नर आणि मादी वेली वेगळ्या. कामाची ती फक्त मादी. बी धरू नये म्हणून बागाईतदार नरवेल बहुधा उपटूनच टाकतो. हिवाळ्यात वेल जमिनीपर्यंत मरते, गड्डा तेवढा मातीत जिवंत राहतो, आणि वसंतात त्यातून इतके कोंब उसळतात, की त्यांतले दोनतीन राखून बाकीचे निर्दयपणे छाटावे लागतात. राखलेले कोंब ऐन भरात दिवसाला अर्धी वीत वाढतात. त्यांना द्राक्षवेलीसारखे ताणे नसतात. खरखरीत केसांनी दोरी पकडत, नेहमी एकाच दिशेने, सूर्याबरोबर उजवीकडे वळसे घेत ते पंधरावीस फूट चढतात. ही दोरी परदेशी बागांतून पुष्कळदा काथ्याची असते. आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिणेकडील मलबारातील आणि श्रीलंकेतील नारळाच्या सोडणाचा काथ्या हॉप्सच्या मळ्यांत वर्षानुवर्षे जात आला आहे. म्हणजे माडाचा आणि या वेलीचा संबंध आपण समजतो तितका दूरचा नाही.

फूल हिरवट, हलके, लहानशा देवदारफळासारखे, पाकळ्यांवर पाकळ्या रचलेले. तयार झाले, की बोटांत दाबताच कागदासारखे खुसखुसते, आणि आत पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. बिअरचा कडूपणा आणि सुगंध दोन्ही त्या भुकटीत. काढा तासभर उकळताना आरंभी घातलेली फुले कडूपणा देतात, अखेरीस घातलेली सुवास देतात; शिवाय काढा नासवणाऱ्या कित्येक जंतूंना ती वाढू देत नाहीत. पहिल्या वर्षी वेलीला मूठभर फुले लागतात. तिसऱ्या वर्षी मात्र एका वेलीपासून अर्धा-पाऊण किलो वाळलेली फुले मिळू शकतात, आणि वीस लिटर बिअरला त्यांतली चारपाच तोळे पुरतात. घरच्या फुलांचा कडूपणा किती, हे प्रयोगशाळेवाचून कळत नाही. म्हणून जाणते लोक कडूपणासाठी विकतची मोजलेली फुले वापरतात आणि घरची फुले शेवटी, वासापुरती टाकतात. हा सारा व्यवहार लोणच्याच्या बरणीइतका सोज्वळ आहे. त्यात पदरी हवी ती चिकाटी, स्वच्छता आणि वाट पाहण्याची तयारी. दारुड्यापाशी यांतले काहीच नसते. त्याला संध्याकाळपर्यंतही धीर नाही, तो तीन वर्षे वेलीला पाणी काय घालणार!

आता या वेलीचा कायद्याशी संबंध कसा आला ते पाहू, कारण तेथेच ढोंगाचे मूळ आहे. मध्ययुगीन युरोपच्या राइनकाठच्या प्रदेशांत बिअरमध्ये ‘ग्रूट’ नावाचे वनस्पतींचे मिश्रण घालीत, आणि ते विकण्याचा मक्ता अनेक ठिकाणी बिशपांकडे किंवा सरदारांकडे असे. कोलोनच्या आर्चबिशपाला त्याचे उत्पन्न होते. हॉप्स मात्र कुंपणावर उगवणारी वेल. तिच्यावर मक्ता कोण सांगणार? ती घरोघरी शिरली तसे ग्रूटवाल्यांचे उत्पन्न धोक्यात आले, आणि जेथे जेथे त्यांचा जोर होता तेथे तेथे हॉप्सला अटकाव झाला. म्हणजे या वेलीविरुद्धचे पहिले कायदे जनतेच्या प्रकृतीच्या काळजीने झाले नाहीत. धर्मपीठाच्या जमाखर्चाने झाले.

पुढे चक्र उलटे फिरले. मक्ता मोडणारी वेल स्वतःच कराच्या वहीत गेली. इंग्लंडमध्ये १७११ साली हॉप्सवर पौंडामागे एक पेनी कर बसला, आणि विक्रीसाठी बिअर करणाऱ्याने कडूपणाकरिता दुसरी वनस्पती वापरणे हा गुन्हा ठरला. त्या करापायी अबकारीचे अंमलदार केंट परगण्यातील बागांतून फिरू लागले, पोती वजन करू लागले, पोत्यांवर खुणा करू लागले. यंदा हॉप्सचा कर एकूण किती जमेल यावर त्या देशात लोक पैजा लावीत! करावरच जुगार खेळणारे राष्ट्र नीतीच्या गोष्टी जगाला शिकवीत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा कर उठायला १८६२ साल उजाडले.

त्या काळी इंग्लंडात विल्यम कॉबेट नावाचा एक भांडखोर लेखक होऊन गेला. १८२१-२२ साली त्याने ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक लिहिले. गरीब शेतमजुराने आपली भाकरी आणि आपली बिअर घरी करावी, तीत त्याचा पैसा वाचतो आणि स्वाभिमानही वाचतो. पण माल्टच्या आणि हॉप्सच्या करांनी त्याचे मडके रिकामे पाडले, असा त्याचा आरोप होता. चहावर तर त्याचा इतका राग, की चहाने राष्ट्र दुबळे होते असे तो म्हणे. चहापुरता तो चुकला असे मी, दिवसाला पाच कप घेणारा, म्हणणारच. पण मुख्य मुद्द्यावर त्याचे निदान अचूक होते. गरिबाच्या घरातील निर्मिती कर लावून महाग करायची आणि मग त्याला दुकानाच्या दारात उभे करायचे, हा राज्यकर्त्यांचा जुना डाव आहे.

१८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढला आणि उकळलेल्या काढ्यावर नवा बसवला. मळ्यातील पिकावरून नजर हटली, ती थेट मडक्यावर येऊन बसली. आता घरी बिअर करणाऱ्या कुटुंबालाही परवाना घ्यावा लागू लागला. घराची वार्षिक भाड्याची किंमत पाहून त्याची आकारणी होई. हा परवाना जवळजवळ त्र्याऐंशी वर्षे टिकला. १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला. त्या दिवसापासून इंग्लंडातील कोणीही प्रौढ मनुष्य आपल्या घरी, आपल्यासाठी, हवी तितकी बिअर करू शकतो. विकायची नाही, एवढीच अट. इंग्लंड त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेचा इतिहास याहून करमणुकीचा. १९२० ते १९३३ तेथे दारूबंदी होती. त्या तेरा वर्षांत बिअरचे मोठमोठे कारखानदार हॉप्स घातलेला माल्टचा पाक डब्यांतून विकत होते, आणि तो बेकरीच्या उपयोगाचा आहे असे सांगत होते. कडू पाकाचे पाव खाणारे इतके लोक एकाएकी कोठून निपजले, याची चौकशी कोणी केली नाही. बंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, घरगुती बिअरला मिळाली नाही. ही चूक सुधारायला पंचेचाळीस वर्षे गेली. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेला कायदा १९७९ च्या फेब्रुवारीत अमलात आला. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर. कर नाही, विक्री नाही. घटक राज्यांना आपापले निर्बंध ठेवण्याची मुभा होती. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली वळली. प्राध्यापकांचे जावई ज्या निर्धास्तपणे मडके चढवतात, त्यामागे हा इतिहास आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या देशात बिअरचे शंभरसुद्धा कारखाने उरले नव्हते. आज नऊ हजारांहून अधिक आहेत. नव्या कारखानदारांपैकी कित्येकजण आधी आपल्या स्वयंपाकघरात हात भाजून घेतलेले होते. सिएरा नेवाडा या विख्यात कारखान्याचा संस्थापक केन ग्रॉसमन हा त्यापूर्वी घरी बिअर करणाऱ्यांना साहित्य पुरवणारे दुकान चालवीत असे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या अबकारी कायद्यांचा जन्म त्याच काळातला आणि त्याच हातचा. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. गावोगावच्या भट्ट्या मोडून उरणसारख्या ठिकाणी केंद्रे करायची आणि मक्तेदारामार्फत दारू पुरवायची, हे त्या धोरणाचे सार. त्याच १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि मिठाबरोबर अबकारीचीही इंग्रजी पद्धत गोव्यात आली. १८९२ पर्यंत तो करार चालला. आमचा रेंदेर पहाटे कमरेला काती लावून माडावर चढतो, दुदिन्यात सूर उतरवतो. त्याच सुरेचा गूळ होतो, शिर्का होतो, तीच सूर घालून सान्नां फुगतात. पण सरकारच्या वहीत त्या माडाची नोंद एका शब्दात होते : महसूल. आणि ठाण्या-कुलाब्याच्या आदिवासींची गोष्ट तर याहून वाईट. १८९२ च्या मोहवा कायद्याने त्या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच बंधन घातले. दुष्काळात पोट भरणारे, गुरांना घालता येणारे, रानात आपोआप पडणारे फूल! बिशपांना हॉप्सविषयी जे साधले नाही ते इंग्रज कलेक्टरांनी मोहाविषयी करून दाखवले. तेथे मडकेच नव्हे, फूलदेखील अपराधी.

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली, वही तीच राहिली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात आहे. त्या कायद्याने बंदी घातलेली वस्तू परवान्याने विकली जाते, परवान्याने प्यायली जाते, आणि तिच्या करावर राज्याचे अंदाजपत्रक उभे राहते. २००९ पासून पुण्यात उपाहारगृहांतच बिअर तयार करून देण्याचे परवाने सुरू झाले. ग्राहकाच्या टेबलापासून दहा पावलांवर ताम्रवर्णी टाकी चकाकते, आत आयात केलेले हॉप्स उकळतात. त्याला आधुनिक नगरसंस्कृतीचे लक्षण म्हणतात. त्याच गल्लीतील बिऱ्हाडात त्याच कृतीने भरलेली वीस लिटरची बरणी सापडली, तर तिला ‘मुद्देमाल’ म्हणतात. गोव्यात १९६४ चा कायदा आहे. काजूच्या बागांचे विभाग पाडून दरसाल लिलाव होतात. परवानाधारक भट्टी लावतो. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक संकेत मिळाला, २०१६ साली शासनाने फेणीला वारशाचे पेय ठरवले. आनंद आहे. पण ज्या घरांनी हा वारसा सांभाळला त्या घरांना घरपणाच्या नात्याने कोणताच हक्क नाही. वारसा राज्याचा, परवाना राज्याचा. वारस मात्र अर्जदार.

माझ्या विरोधकांत दोन प्रकारचे लोक आहेत, आणि त्यांतल्या एकांविषयी मला मनापासून आदर आहे. गडचिरोलीच्या ज्या स्त्रियांच्या आणि कार्यकर्त्यांच्या आंदोलनातून १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी आली, त्यांच्यापुढे मी युक्तिवाद करणार नाही. नवऱ्याच्या व्यसनात ज्यांचा संसार जळाला त्यांनी दारू नको म्हणावे, सर्वांसाठी नको म्हणावे, यात सुसंगती आहे. जेथे दुकानही बंद आणि मडकेही बंद, तेथे माझा लेख लागू नाही. पण चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ साली उठवणारे शासन नीतीचे नाव घेऊन कोणाच्या परसात शिरू लागले, तर त्याला मी उंबऱ्यावर थांबवीन.

दुसरे विरोधक म्हणतात, घरची दारू विषारी होते, माणसे मरतात. माणसे मरतात हे खरे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली. पण ती कशाने मेली? औद्योगिक मिथेनॉलने, काळ्या बाजाराने दारू म्हणून विकलेल्या विषाने. जव आणि हॉप्स आंबवून माणसाला आंधळे करील इतके मिथेनॉल तयार होत नाही. मडके वाईट आंबले तर बिअर आंबट होते, नासते, फेकून द्यावी लागते. बाटलीत साखर अधिक पडली तर बाटली फुटते. याउलट ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून अर्क काढणे, ही निराळी गोष्ट आहे. तीत आगीचा धोका आहे, अर्काच्या तीव्रतेचा धोका आहे. अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्याने बिअरला सूट दिली, भट्टीला दिली नाही. हा भेद मला मान्य आहे. आपला कायदा मात्र उकळणे, आंबवणे आणि गाळणे या तिन्हींना एकाच काठीने हाकतो.

कायद्याच्या दृष्टीने ही मागणी आकाशातून पडलेली नाही. मद्याची निर्मिती हा घटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे राज्यांचा विषय आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय कोणत्याही विधानसभेला नाही. मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात १९९४ साली सांगितले. बरोबर आहे, पण तो निर्णय व्यापाराविषयी आहे. जो विकतच नाही त्याच्या व्यापाराचा प्रश्न उद्भवत नाही. उलट २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या हक्काच्या कुंपणात घर येते. घराच्या आत स्वयंपाकघर येत नाही असे म्हणायला फार धैर्य लागेल. राहता राहिले कलम ४७. मादक पेयांच्या सेवनाला बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. ज्या राज्याला ते कलम दुकानाचा परवाना देताना आठवत नाही, त्याला ते मडके फोडताना तेवढे कसे आठवते?

आणि ‘घरगुती वापर’ ही कल्पना आपल्या कायद्याला परकी आहे असेही नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना ठाऊक असेल, की मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना मोहाची दारू घरच्या वापरापुरती काढण्याची सूट आहे. तेथे तर भट्टीलाही सूट आहे! मग प्रमाण ठरवून, आंबवलेल्या पेयांपुरती, सर्व कुटुंबांना ती का असू नये? मसुदा अवघ्या एका वाक्याचा आहे : प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या निवासस्थानी, स्वतःच्या व कुटुंबाच्या उपयोगासाठी, विक्रीचा हेतू नसताना, वर्षाला ठरावीक प्रमाणापर्यंत आंबवलेले व ऊर्ध्वपातन न केलेले पेय तयार केल्यास या कायद्यातील परवान्याची तरतूद लागू होणार नाही. प्रमाण किती, हे विधानसभेने ठरवावे. कमी ठरवले तरी चालेल. आज ते शून्य आहे, आणि शून्य असण्याचे कारण प्रकृतीही नव्हे, नीतीही नव्हे. घरात झालेल्या लिटरवर अबकारी मिळत नाही, हे आहे.

प्राध्यापकांना मी रीतसर लेखी सल्ला दिला. हॉप्सच्या वेलीला ३५ ते ५५ अंश अक्षांशांतले लांब दिवस आणि कडक हिवाळा लागतो. आपल्या देशात हिमालयापलीकडील लाहौलच्या खोऱ्यात ती पिकवली गेली आहे. फोंड्याला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास, आणि हिवाळा नावापुरता. वेल जगेल कदाचित, फुलेल अशी आशा नाही. तरीही हौस असल्यास कायद्याने लावण्यास प्रत्यवाय नाही. चुकून फुललीच, तर फुले सावलीत वाळवून उशीत भरावीत. इंग्लंडात झोप न येणाऱ्या माणसांना अशी उशी देण्याची जुनी चाल आहे. उशी परवान्याच्या कक्षेत येत नाही. उशीपासून मडक्यापर्यंतचे अंतर आपण मोजून ठेवावे आणि तूर्त ते ओलांडू नये. फी घेतली नाही.